शाळेतली आढावा बैठक : विशेष गरजा असलेल्या मुलाच्या पालकांनी तयारी कशी करावी?

विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेत आराखडा तयार झाला की पालकांना वाटतं, चला, एक काम मार्गी लागलं. पण आराखडा कागदावर असणं वेगळं आणि तो वर्गात चालणं वेगळं. जूनमध्ये लिहिलेला कागद फाइलला लागतो आणि पुढच्या जूनपर्यंत कुणी उघडत नाही, असं अनेक शाळांत होतं. मूल मात्र तेवढ्या काळात एक वर्ष मोठं झालेलं असतं. तिसरीत जी अडचण दोन ओळी वाचण्याची होती, ती पाचवीत सगळ्याच विषयांची होते. नववीत कळतं की दाखला नाही, म्हणून बोर्डाची सवलत नाही. मग धावाधाव सुरू होते.

हे टाळण्याची जागा म्हणजे आढावा बैठक. ती कशी होते, तिच्यासाठी घरून काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि बैठकीनंतर काय करायचं, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत. मूल उर्दू माध्यमात असो, मराठी किंवा इंग्रजी, तयारी जवळपास सारखीच आहे.

आढावा म्हणजे नेमकं काय?

मुलाच्या गरजेप्रमाणे शाळा जो कागद तयार करते त्याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात. शिक्षक बोलताना त्याला ‘आयईपी’ म्हणतात. मूल आज कुठे आहे, ठरावीक काळात कुठे पोचायला हवं, त्यासाठी कोण काय करणार आणि झालं की नाही हे कसं मोजणार, या चार गोष्टी त्यात असायला हव्यात. आढावा म्हणजे या चार गोष्टी पुन्हा तपासून आराखडा बदलणं.

बैठकीला साधारणपणे वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक असतात. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांकडे समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक किंवा समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ येतात. ते गटसाधन केंद्रातून, तर मोठ्या शहरांत शहर साधन केंद्रातून काम पाहतात. एकेका शिक्षकाकडे अनेक शाळा असतात, म्हणून त्यांचा वार कोणता हे आधी विचारून बैठक त्या दिवशी ठेवायला सांगा. विशेष शिक्षक नसलेली बैठक बहुतेक वेळा ‘बघू, करू’ वर संपते.

शाळेने वर्षभर बोलावलंच नाही, तर वाट पाहू नका. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या: ‘माझ्या मुलाच्या वैयक्तिक आराखड्याचा आढावा घेण्यासाठी बैठक ठेवावी, ही विनंती.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. वर्षातून किमान दोनदा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी आणि वर्ष संपण्याआधी, असं बसणं गरजेचं आहे असं आम्हाला वाटतं.

कायद्याचा आधार किती?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, कमी ऐकू येणं, कमी दिसणं यांच्यासोबत वाचन-लेखन-गणिताची विशिष्ट अध्ययन अक्षमताही त्यात येते. पालकांनी तीन कलमं लक्षात ठेवावीत.

कलम १६ शाळांची जबाबदारी सांगतं: भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेप्रमाणे योग्य ती सोय, अध्ययन अक्षमता लवकर ओळखून उपाय, आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागावर व प्रगतीवर लक्ष ठेवणं. आढावा मागण्याचा आधार हा शेवटचा मुद्दा आहे. दिव्यांग मुलांसाठी आणि जास्त मदतीची गरज असलेल्या मुलाच्या सोबत्यासाठी प्रवासाच्या सोयीचा उल्लेखही याच कलमात आहे.

कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात आणि परीक्षेत बदल करण्याची तरतूद आहे: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत.

आपल्या वाचकांसाठी इथे एक खुलासा महत्त्वाचा आहे. काही अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांमधून ‘आम्हाला आरटीई लागू नाही’ असं सांगितलं जातं. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवलं, हे खरं. पण दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा हा वेगळा कायदा आहे. त्याचं कलम १६ शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांबद्दल बोलतं. तेव्हा एका कायद्याचं कारण देऊन दुसऱ्या कायद्याची जबाबदारी टळत नाही. हे भांडून नाही, शांतपणे सांगा. आपल्याच लोकांच्या संस्थेत मागायला संकोच वाटतो, पण मुलाचा हक्क मागणं म्हणजे संस्थेची बदनामी नव्हे.

महिनाभर आधी : फाइल

एक साधी फाइल घ्या आणि कागद तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर:

– मागचा आराखडा आणि मागच्या बैठकीची नोंद
– दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड
– डोळे आणि कान तपासल्याचे रिपोर्ट
– मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपी, फिजिओथेरपी यांचे कागद
– मागच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक आणि घटक चाचणीचे पेपर
– वहीची दोन पानं: एक सहा महिन्यांपूर्वीचं, एक आत्ताचं

शेवटचा कागद सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. दोन पानं शेजारी ठेवली की प्रगती झाली की नाही यावर वाद घालावा लागत नाही. मूळ कागद शाळेत देऊन येऊ नका, झेरॉक्स द्या.

फाइल लावतानाच मुलाचं नाव तपासा. आपल्या घरांत ही अडचण हमखास निघते. आधारवर ‘मोहम्मद’, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘मो.’, दाखल्यावर ‘मोहम्मद’ गायबच, कुठे ‘शेख’ आधी तर कुठे शेवटी. जन्मतारखेचंही तसंच. यूडीआयडी, बँक खातं आणि बोर्डाचा फॉर्म या तिन्ही ठिकाणी हा फरक अडतो. दुरुस्ती प्राथमिकच्या वर्षांतच करून घ्या. दहावीचा फॉर्म भरताना हे काम काढलं तर वेळ पुरत नाही.

यूडीआयडीसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो, आणि अर्जाला फी नाही. ‘दोन हजारांत करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

पंधरा दिवस आधी : निरीक्षणाची वही

शिक्षक मुलाला शाळेत पाहतात, तुम्ही बाकीचा दिवस पाहता. पण ‘घरी खूप त्रास देतो’ किंवा ‘घरी तर सगळं येतं’ एवढ्याने काही ठरत नाही. दोन आठवडे रोज तीन-चार ओळी लिहा: काय करायला सांगितलं, किती वेळ टिकला, कुठे अडला, कशाने जमलं. ज्या अम्मीला लिहायला जमत नाही तिने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला तरी चालतो. मोठी बहीण किंवा भाऊ तो उतरवून घेईल.

मकतबमधल्या उस्तादांना किंवा आपांना नक्की विचारा. शाळेला ही माहिती कधीच मिळत नाही, आणि ती मोलाची असते. समजा, चौथीतला एखादा मुलगा कायदा वाचताना अक्षरं जोडू शकत नाही, पण ऐकून सुऱ्या पटकन पाठ करतो. याचा अर्थ त्याची कानावरची पकड चांगली आहे आणि अडचण छापील अक्षराशी आहे. मग शाळेत धडा आधी वाचून ऐकवणं, प्रश्न तोंडी विचारणं, उत्तर तोंडी घेणं हे उपाय लगेच सुचतात. ‘हा आळशी आहे’ हा शेराही मग टिकत नाही. उलट मूल मकतबमध्येही मार खात असेल, तर तेही कळायला हवं. जे मूल वाचू शकत नाही ते मारल्याने वाचायला लागत नाही, उस्तादांनाही हे अदबीने सांगावं लागेल.

रमजानमध्ये झोपेच्या वेळा बदलतात, मुलं सहरीला उठतात. या महिन्यातली निरीक्षणं वेगळी लिहा, आणि जमत असेल तर मोठी चाचणी या दिवसांत ठेवू नका. थकलेल्या मुलाचा निकाल खरा निघत नाही.

भाषेचा घोळ सोडवून ठेवा

आपल्या बऱ्याच घरांत बोलणं दखनी किंवा कोकणी, मकतबमध्ये अरबी-उर्दू, शाळेत मराठी किंवा इंग्रजी असं चालतं. एक लिपी उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. लहान मूल सुरुवातीला गोंधळणारच. म्हणून दोन टोकाच्या चुका होतात. एक, खरी अध्ययन अक्षमता असताना ‘घरी भाषा वेगळी आहे म्हणून’ असं सांगून वर्षं घालवली जातात. दुसरी, फक्त शाळेची भाषा नवीन असलेल्या मुलाला ‘स्लो’ ठरवलं जातं.

ओळखण्याची एक साधी खूण आहे. अडचण फक्त शाळेच्या भाषेत असेल आणि घरच्या भाषेत गोष्ट सांगणं, मकतबमध्ये अक्षरं जोडणं वयाप्रमाणे असेल, तर आधी भाषेची मदत वाढवून पाहावी. वाचायला-लिहायला शिकवून बरेच महिने झाले तरी सगळ्याच भाषांत तीच अडचण दिसत असेल, तर तपासणी लांबवू नये. तपासणीला जाताना मूल कोणत्या माध्यमात शिकतं आणि घरी काय बोलतं, हे दोन्ही लिहून द्या. ज्या भाषेत मुलाला शिकवलंच नाही, त्या भाषेतल्या चाचणीवरून निष्कर्ष काढू नये, असा आग्रह धरा.

मुलाला विचारलं का?

सगळे मुलाबद्दल बोलतात, मुलाशी कुणी बोलत नाही. बैठकीआधी निवांत बसून तीन प्रश्न विचारा: शाळेत काय आवडतं? कधी घाबरायला होतं? टीचरनी काय केलं तर तुला सोपं जाईल? न बोलणाऱ्या मुलाकडून चित्रं दाखवून, खुणांनी उत्तर घ्या. ‘मला पुढे बसायचंय’, ‘सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला नको’ अशी साधी उत्तरं येतात, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्या दिवसापासून करता येतात. सहावी-सातवीच्या पुढच्या मुलाला बैठकीत थोडा वेळ बसवावं.

बैठकीत काय विचारायचं?

दोघांनी जा. अम्मी एकटी गेली की तिला ऐकवलं जातं, अब्बू एकटे गेले की रोजचे तपशील सांगता येत नाहीत. वडील बाहेरगावी किंवा आखातात असतील तर मामू, चाचा किंवा शिकलेली खाला सोबत न्या. एकाने बोलावं, एकाने लिहावं.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. मागच्या वेळी कोणती उद्दिष्टं ठरली होती? त्यातलं काय झालं, काय नाही?
२. जे झालं नाही, ते का? उद्दिष्ट मोठं होतं, की मदतच मिळाली नाही?
३. विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं मुलासोबत बसले?
४. पुढच्या तीन महिन्यांचं उद्दिष्ट काय, आणि ते कोण तपासणार?
५. वर्गात कोणत्या सोयी रोज मिळणार?
६. घटक चाचणी आणि सत्र परीक्षेत कोणती सवलत मिळणार?
७. आम्ही घरी काय करायचं?

उद्दिष्ट मोघम असेल तर तिथेच थांबवा. ‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘दिवाळीपर्यंत जोडाक्षर नसलेला पाच ओळींचा उतारा, दोनपेक्षा जास्त वेळा मदत न घेता वाचेल’ हे उद्दिष्ट. ‘वर्तन सुधारणे’ ऐवजी ‘गोंधळ असह्य झाला की कार्ड दाखवून पाच मिनिटं बाहेर बसेल’ असं लिहायला सांगा. मोजता येईल असंच लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढच्या आढाव्यात तपासणार काय?

नेहमीची उत्तरं आणि त्यावर काय म्हणावं

‘आमच्याकडे विशेष शिक्षकच नाहीत.’ नसतील तर शाळेने गटसाधन केंद्राला लेखी मागणी केली का, ते विचारा आणि पत्राची प्रत मागा. दिव्यांग मुलांसाठी प्राथमिकला १० मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निकालात आलेलं आहे.

‘वर्गात साठ मुलं आहेत, एकट्यावर कसं लक्ष देणार?’ ही अडचण खोटी नाही. म्हणून आधी बिनखर्चाच्या सोयी मागा: पहिल्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी टीपणाचा फोटो, कमी गणितं, तोंडी उत्तर.

‘४० टक्क्यांचा दाखला नाही, मग काही करता येत नाही.’ काही योजनांना ४० टक्के लागतात. पण वर्गातल्या योग्य सोयीसाठी ही अट नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या २०२१ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ४० टक्क्यांखालच्या उमेदवारालाही लेखनिकाची सोय नाकारता येत नाही असं सांगितलं.

‘विशेष शाळेत टाका.’ निर्णय घाईत घेऊ नका. काही मुलांना विशेष शाळा खरंच मानवते. पण इथे काय काय करून पाहिलं आणि त्याचा काय परिणाम झाला, हे आधी लेखी मागा. काहीच करून पाहिलं नसेल, तर सल्ला मुलासाठी नाही, शाळेच्या सोयीसाठी आहे.

वयाचे टप्पे चुकवू नका

अध्ययन अक्षमतेचा दाखला ८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो. २०१८ च्या केंद्रीय सूचनांमध्ये १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली होती. म्हणजे तिसरी-चौथीत पहिला दाखला आणि आठवी-नववीच्या सुमारास दुसरा, असा तो हिशोब होता. आधी डोळे-कान, मग बुद्ध्यांक, मग अध्ययनाची चाचणी अशा पायऱ्या असतात, आणि सरकारी रुग्णालयात तारखा लांबच्या मिळतात. जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल, मुंबईत सायन आणि नायर अशा रुग्णालयांत चौकशी करा. दाखल्यावर मुदत असेल तर ती संपण्याच्या सहा महिने आधी सुरुवात करा.

नववीचा आढावा सगळ्यात महत्त्वाचा. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. केंद्राच्या सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं असतो. लेखनिक घ्यायचा असेल तर सराव आठवीपासूनच हवा, कारण उत्तर मनात मांडून दुसऱ्याला सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे.

नेहमीची शाळा झेपतच नसेल तर एनआयओएस ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आहे. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवता येतो, आणि दहावीसाठी मराठी व उर्दू माध्यमही आहे. हे अपयश नाही, तोही दहावीचाच दाखला आहे.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. ‘एवीतेवी हिला जमत नाही’ म्हणून सातवीनंतर घरी बसवलेल्या मुली आपल्या वस्त्यांत दिसतात. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या विशेष गरजा असलेल्या मुलींसाठी समग्र शिक्षेत महिन्याला २०० रुपये, वर्षातले दहा महिने, असा भत्ता आहे. रक्कम छोटी आहे, पण तो मिळतो का हे आढाव्यात विचारा. येण्या-जाण्याची, सोबतीची आणि स्वच्छतागृहाची अडचण असेल तर तीही तिथेच मांडा. मुली शाळा सोडतात त्या बऱ्याचदा याच कारणांनी.

बैठकीनंतर

बाहेर पडण्याआधी नोंदीची प्रत मागा. ‘नंतर देतो’ म्हणाले तर त्याच आठवड्यात तुम्हीच पत्र द्या: ‘अमुक तारखेच्या बैठकीत पुढील गोष्टी ठरल्या असं आम्ही समजतो…’ आणि मुद्दे लिहा. पोच घ्या. सही करायला सांगितलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर घरी नेऊन वाचून घेतो म्हणा.

सहा आठवड्यांनी एकदा विचारणा करा. ठरलेलं सुरूच झालं नसेल तर आधी मुख्याध्यापक, मग गटशिक्षणाधिकारी किंवा शहरात शिक्षण निरीक्षक, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, आणि शेवटी पुण्यातले राज्याचे दिव्यांग आयुक्त अशी पायरी धरा. आणि ज्या बाईंनी, सरांनी मनापासून केलं त्यांचं आभाराचं पत्रही द्या. असे शिक्षक टिकले पाहिजेत.

घरातली तयारी

शेवटचा अडथळा बऱ्याचदा घरातच असतो. ‘याचे अब्बूही उशिरा बोलले होते’, ‘नजर लागली आहे’, ‘दाखला काढला तर पुढे बहिणीचं लग्न अडेल’. घरातल्या मोठ्यांचं हे बोलणं मुलाच्या काळजीतूनच येतं, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा विशेष शिक्षकांना भेटवा. दुआ करावी, तपासणीही करावी, त्यात कसला विरोध नाही. दाखला लपवून मुलाची अडचण लपत नाही, फक्त मदत लांबते. आणि शाळेची वर्षं मोजकीच असतात. या वर्षीचा आढावा झाला नसेल, तर अर्ज याच आठवड्यात द्या.